इंदूआत्याची तुरटी

नोएडा, ६ जुलै

ती. इंदूआत्यास,

राघवचा साष्टांग नमस्कार. (दोन्ही गुडघ्यांनी सध्या असहकार पुकारलेला आहे, तेव्हा उरलेल्या सहा अंगांनी घातलेला गोड मानून घे.) तुझ्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? झालं असेल तर हे पत्र स्वतःच वाच, शेजाऱ्यांकडून वाचून घेऊ नकोस. आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तरी लाल पेन उचलण्याआधी एकदा शेवटपर्यंत जा. मिरजेच्या पोरांना तू तीस वर्षं मराठी शिकवलंस आणि त्यात सगळ्यात कच्चा विद्यार्थी घरचाच निघाला, हे मला मान्य आहे. इकडे शुभदा मजेत. रेवती चोविसाची झाली, घरूनच कंपनीचं काम करते आणि माझ्याशी बोलताना दर दोन वाक्यांनी "यार बाबा" म्हणते.

पत्रास कारण की, मी पुन्हा खाऱ्या पाण्याची माशांची टाकी मांडली आहे. वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. सोळा वर्षांपूर्वी तू आमच्याकडे आलीस, मी ऑफिसात होतो, टाकीतलं पाणी तुला गढूळ दिसलं आणि तू माझ्या दाढीच्या डब्यातली तुरटी घेऊन माठात फिरवतात तशी टाकीत फिरवलीस. संध्याकाळपर्यंत टाकीचं पानिपत झालं. (खरं पानिपत इथून दोन तासांवर असल्याने हा शब्द आम्ही जपून वापरतो.) मी तुला एका शब्दाने बोललो नाही, हे तुलाही आठवत असेल. पण तू दुसऱ्याच दिवशी परतीची गाडी धरलीस, ती आजतागायत आमच्या घराची पायरी चढली नाहीस. तीन वर्षांपूर्वी संक्रांतीला मिरजेच्या मंडळींबरोबर पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला, जाऊन आलीस, दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसमध्ये दोन दिवस राहिलीस, आणि मी न्यायला आलो तर तिळाच्या लाडवांचा डबा हातात देऊन म्हणालीस, "तुझ्या घरात माझ्या हाताला यश नाही रे." आई गेल्यावर ज्या हातांनी मला वाढवलं, त्यांच्याबद्दल तू असं बोललीस, ते मला अजून पचलेलं नाही. तू पुन्हा आमच्याकडे यावंस, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच. झालंगेलं मी केव्हाच माफ केलं आहे. (मन मोठं असलं की जमतं.)

जुनी टाकी इतकी वर्षं रजया ठेवायला वापरात होती. मार्चमध्ये शुभदा ऊन दाखवायला रजया बाहेर काढत होती, रिकामी टाकी उन्हात चमकली आणि मला काहीतरी झालं. त्याच रविवारी करोल बागेत गेलो. तिथे गाड्यांच्या सीटकव्हरांच्या दुकानांमागे एका बोळात चोप्राजी नावाचे म्हातारे गृहस्थ माशांचं दुकान चालवतात. त्यांनी मला ओळखलं नाही, पण मी बरोबर नेलेला, कधीकाळी त्यांच्याकडूनच घेतलेला पंप ओळखला. समुद्राचं पाणी घरी करायचं म्हणजे गाळलेल्या पाण्यात खास मीठ कालवायचं, त्या मिठाची पंचवीस किलोची बादली त्यांनी घरपोच पाठवली. गेटवरच्या गार्डने सोसायटीच्या ॲपवर "नमक, २५ किलो, फ्लॅट ११०४" अशी नोंद केली. दुपारपर्यंत शुभदाने लोणच्याचा धंदा काढल्याची बातमी चारही टॉवरांत पसरली होती. नाही म्हणून सांगितलं तर समोरच्या लतिका भटनागर म्हणाल्या, "अच्छा, अभी सीक्रेट है," आणि आंब्याच्या दोन बरण्यांची ऑर्डर देऊन गेल्या. शेवटी शुभदाला त्या खरंच घालाव्या लागल्या. (साध्या मिठात. टाकीच्या मिठाला हात लावायचा नाही, असा माझा हुकूम आहे. घरात चालणारा तो माझा एकमेव हुकूम.)

पुढचा प्रकार तुला सांगावा की नाही, कळत नाही, कारण तुझ्या सोवळ्याला धक्का बसेल. नवं पाणी माशांना लगेच चालत नाही. आधी त्यात काहीतरी कुजवावं लागतं, म्हणजे घाण खाणारे जंतू तयार होतात, आणि त्यासाठी सगळ्यात उत्तम म्हणजे कोलंबी. चार पिढ्यांत ज्या घरात अंडं आलं नाही, त्या घरातला मी मासळीबाजारात उभा राहून एक कोलंबी मागत होतो. मासळीवाल्याला वाटलं एक किलो. मी म्हटलं, एक. तो म्हणाला, "एक पीस? खाएगा कौन?" मी म्हटलं, कोणी नाही, सडवायची आहे. त्याने पैसे घेतले नाहीत, फक्त पुन्हा येऊ नका म्हणाला. ती कोलंबी मी जुन्या मोज्यात घालून टाकीत सोडली. पुढचे सहा आठवडे आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा चार दगड, एक मोजा आणि तो वास यांचं दर्शन घेऊन "मछली कब आएगी?" विचारत परत जात होता. रेवती ऑफिसच्या मीटिंगा बाल्कनीत घेत असे.

पण आत्या, आता मासे आलेत. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी आहे आणि लाल पाठीचा एक झिंगा आहे. जोडीतली मोठी ती मादी, घरात तिचंच चालतं आणि नर मागे मागे फिरतो, हे चोप्राजींनी समजावून दिल्यापासून शुभदाचा या छंदाला असलेला विरोध बराच मावळला आहे. नोएडाचा उन्हाळा तुला ठाऊक नाही. पाणी सव्वीस अंशांच्या वर गेलं की माशांचं खरं नाही, म्हणून हॉलमधला एसी मे महिन्यापासून अखंड चालू आहे आणि इतर खोल्यांतले एसी परवडत नाहीत म्हणून आम्ही तिघंही गाद्या घालून टाकीसमोर झोपतो. टीव्ही कोणी लावत नाही. रेवती मला माशांची नावं मराठीत विचारते आणि मला येत नाहीत. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही तिघं एका जागी बसलो नव्हतो, ते आता बसतो. मी सुखात आहे, आत्या. फक्त तू इथे नाहीस.

तेव्हा मागचं सगळं विसरून ये. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुला मधलं जे काही उरतं ते सगळं.

तुझा
राघव

ता. क. १ : गणपतीच्या आधीच्या आठवड्याचं गोवा एक्सप्रेसचं तुझं तिकीट काढलं आहे. खालचा बर्थ. निझामुद्दीनला मी येईन.

ता. क. २ : आता खरं लिहितो. पहिल्याच दिवशी चोप्राजींनी मला आधीची टाकी कशी गेली ते विचारलं. मी तुरटीची गोष्ट रंगवून सांगितली. ते हसले नाहीत. पाणी आटल्यावर काय घालायचात, एवढंच विचारलं. मी अभिमानाने सांगितलं की रोज ताजं मीठ कालवून खारं पाणी घालत असे. तेव्हा म्हणाले, "जनाब, पानी उड़ता है, नमक कहाँ जाएगा?" मी चार महिने त्या माशांचं लोणचं घालत होतो, आत्या. आणि हे मला निदान चोप्राजींनी सांगितल्यावरच कळलं, पण दुसरी गोष्ट मला तेव्हाच ठाऊक होती. तू यायच्या आदल्या दिवशी दोन मासे मेले होते. टाकी शुभदाच्या मनाविरुद्ध घेतलेली, म्हणून मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून गुपचूप टाकून दिले. मग तू तुरटी फिरवलीस आणि मला सुटल्यासारखं वाटलं. दर गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या जेवणाला मी ही गोष्ट तुझा आवाज काढून सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. मला लाज वाटते. तुझ्या हाताला यश होतं. माझ्या तोंडाला खरं बोलण्याचं नव्हतं.

ता. क. ३ : शुभदाला यातलं काही माहीत नाही. तू आलीस की तुझ्यासमोरच सांगेन म्हणतो. तुझ्यादेखत ती फार बोलणार नाही.

ता. क. ४ : आत्या, मी शुभदा. पाकीट डकवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. तुम्ही नक्की या. यंदाही मंडळाच्या जेवणाला तुरटीच्या गोष्टीसाठी याचं नाव मी दिलं आहे, आणि पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तुमच्यासाठी ठेवायला सांगितली आहे. गोष्ट शेवटपर्यंत सांगून झाल्याशिवाय याला ताट वाढायचं नाही, असं वाढप्यांना बजावलं आहे. हे त्याला अजून ठाऊक नाही. पत्र मीच पोस्टात टाकते.