सगळे जखमी सुखरूप हलवले

३ मार्च २०१४
नवी नोकरी! बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटपासून बसनं पंधरा मिनिटांवर, टेकडीवरचा ब्रिटिशांच्या काळातला बंगला. पुढच्या खोल्यांत मिसेस कोह यांचं छोटं प्रकाशन, मागच्या व्हरांड्यात माझं टेबल. समोर केळी, वर पंखा. निशिकांत सकाळी हसत म्हणाला, प्रणिता, तुझं इतिहासातलं एम. ए. शेवटी सिंगापुरात कामी आलं. १९४२ साली इथे लढलेल्या एका ब्रिटिश पायदळ बटालियनची रोजनिशी टाइप करायची आहे. ती लिहिणाऱ्या कॅप्टन प्रेन्टिसच्या घरच्यांना तिचं पुस्तक काढायचंय.

५ मार्च
किती साधी पोरं होती ही. सकाळी चर खणायचे, दुपारी पावसाच्या पाण्यात मोजे धुवायचे, डासांना शिव्या द्यायच्या. एका बेकरचा मुलगा पाव करायला बघतो, दमट हवेत तो फुगतच नाही. मग जपानी बेटावर उतरतात आणि नावं गळायला लागतात. सोमवारी सात. मंगळवारी एकोणतीस, त्यात बेकरचा मुलगाही. डबा तसाच परत नेला.
बटालियनचा तळ याच बंगल्यात होता. त्या मंगळवारी त्यांनी तो सोडला. कॅप्टन लिहितो, ‘सगळे जखमी सुखरूप हलवले.’

१० मार्च
रोजनिशीच्या पुठ्ठ्यात घडी केलेला कागद सापडला. पेन्सिलीनं, बटालियनच्या कारकुनाचं अक्षर: ‘अकरा जण चालू शकत नाहीत. मागच्या कोठीत टाकलेत. ओरडत बाहेर आले तर शत्रूला आमची वाट कळेल, म्हणून कॅप्टननं बाहेरून कडी घालायला लावली. कडी मी घातली.’
ती कोठी माझ्या टेबलामागेच आहे.
कागद मिसेस कोहना दाखवला. त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या, ‘नो नीड, लाह’, फॅमिलीला हे चालणार नाही, कॅप्टनचं वाक्य तसंच ठेव. ठेवलं. नोकरी गेली तर माझा इथे काम करायचा पासही जाईल.

११ मार्च
सकाळी दहाला कोठीच्या दारावर आतून थाप. मिसेस कोहना ऐकू आली नाही. दार उघडून बघितलं. रद्दीचे गठ्ठे, कुबट वास. बंद केल्यावर परत थाप. अगदी खालून, जमिनीलगत. उभं राहता येत नसलेल्या माणसाची.

१२ मार्च
ते वाक्य स्क्रीनवर आलं की टेबलाखाली घोट्याला काहीतरी लागतं. ओलं. आज त्यानं पाय पकडला. सोडवताना कातडी सोलली. निशिकांतनं वळ बघितले. चार बोटं आणि अंगठा. म्हणाला, बास झालं. काम सोड, शुक्रवारी मी स्वतः न्यायला येतो.

१३ मार्च
वाक्य खोडलं. अकरा जणांची खरी हकिगत लिहिली. दाराशी बसून मोठ्यानं वाचून दाखवली. थाप थांबली. रडू आलं — सुटले, वाटलं.
दुपारी मिसेस कोहनी फाइल उघडली. माझ्यादेखत जुनं वाक्य परत घातलं. कारकुनाचा कागद फाडून कोठीतल्या रद्दीत टाकला.
मी ते तसंच सेव्ह केलं. दुसऱ्यांदा.

१४ मार्च
तुकडे तरी उचलावेत म्हणून आत गेले. दार लागलं. कडी — बाहेरून.
हातात ही वही आहे. लिहीत राहिले तर शुद्ध राहील.
रद्दी नाही इथे. माणसं आहेत. जमिनीवरून सरकत येतायत. एकाला जबडा नाही. तरी विचारतो, तूच लिहिलंस ना. मी नाही म्हणाले. तो म्हणाला, तूच. दोनदा —
पाय धरलेत. दोन्ही.
निशिकांत आला! दार उघडलं. ऊन आत. थेट माझ्याकडे बघितलं. मागे वळून मिसेस कोहना म्हणाला, “शी इज नॉट हिअर.”
ओरडतेय मी — निशिकांत, अरे इथे, खाली बघ — तो वळला — नको, कडी नको घालू, निशि