सोमवारी जुंपलेला पिकअप

दिंद्रुड,
मंगळवार

प्रिय विश्वेश्वर,

'प्रिय' लिहायचा रिवाज हाय म्हणून लिहिलं, त्याच्यावर लई भाळू नको. तुझं पत्र मिळालं. वाचल्या वाचल्या एसटीडी बूथवर जाऊन तुला फोनवरच सोलून काढावं असं मनात आलं होतं. पण बूथवाला बंकट काचेला कान लावून बसतो, आणि मला जे बोलायचं हाय त्याची चर्चा दिंद्रुडच्या बाजारात व्हायला नको. म्हणून कागद घेतला.

तू लिहितोस, पुण्यात एका कंपनीतला पेट्रोल पिकअप विकायला निघालाय, गाडी एकदम टकाटक, तू बोलून ठेवलंस आणि पोळ्याच्या आत घेऊन येतोस. जमाना बदलला, देशाचे दरवाजे उघडले, नव्या नव्या गाड्या यायला लागल्या, मग आपणच कशाला डिझेलच्या धुरात खोकत बसायचं? आणि शेवटी अण्णांना, जन्मदात्या बापाला, सूचना, की अक्काला विचारायच्या भानगडीत पडू नका, तिला गाडीतलं काय कळतं. अरे शहाण्या, अण्णांना आता चष्मा लावूनबी अक्षर लागत न्हाई. तुझी पत्रं त्यांना कोण वाचून दाखवतं असं वाटलं तुला? मीच दाखवते. तेवढी ओळबी मी मोठ्यानं वाचली. तुझे दाजी शेजारी जेवायला बसले होते, त्यांना ठसका लागला.

मला गाडीतलं काय कळतं ते ऐक. आपला धंदा मांडवाचा. लग्न असू दे, सप्ताह असू दे, मन्मथस्वामींच्या कपिलधारची यात्रा असू दे, मांडवाचं सामान अण्णांचं आणि दोन चाकांवरचा जनरेटरबी अण्णांचाच. तो गावोगाव ओढायला आधी बैलजोडी होती. मग अण्णांनी गाडी घ्यायची काढली, तवा ओसरीवर किती वाद झाला, आठवतंय का? अण्णा म्हणले, डिझेलची घेऊ, ती हळू चालती पण ओझ्याखाली मान टाकत न्हाई. मी म्हणले, जनरेटर डिझेलच पितो, गाडीबी डिझेलचीच घ्या, एका पिंपात दोघांचं भागंल. तू हसलास. पुण्याहून आणलेल्या दोस्तांपुढं हसलास आणि म्हणलास, अक्का, गाडी म्हणजे काय भाकरी हाय का एका पिठाची करायला. डिझेल थंडीत उठत न्हाई म्हणे, पत्र्याच्या डब्यासारखी खडखडती म्हणे, धुरानं मांडवाच्या पांढऱ्या झालरी काळ्या होतील म्हणे. पेट्रोलला चावी लावली की चालू. आणि मिलिटरीच्या लिलावातली ती जुनी पेट्रोल जीप तू दारात आणून उभी केलीस. अण्णांचं तुझ्यापुढं कवा काय चाललंय?

दिसायला झकास होती, खोटं कशाला बोलू. सपाटीला नुसती उडायची. पण मागं जनरेटर लावला आणि जरा चढ आला की हिला धाप लागायची. उन्हाळ्यात दर दोन गावाला थांबायचं, बॉनेट उघडायचं आणि इंजनाजवळच्या तापलेल्या पंपावर ओला फडका टाकायचा, तवा कुठं बाईसाहेब पुढं निघायच्या. ते फडके बदलायचं काम कुणाचं? माझं. तिकडं पुण्यात तू चारचौघांत पेट्रोल गाडीच्या गप्पा हाणायचास, आणि इकडं मी लग्नाच्या स्वयंपाकातून उठून तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवायचे, ताप आलेल्या लेकरागत.

आता सोमवारचं. आपल्या घरात सोमवारी बैलाच्या मानेवर जू चढत न्हाई. नंदीचा वार हाय तो. जीप आल्यावर अण्णांनी तोच नेम तिलाबी लावला. म्हणले, जे आपलं ओझं ओढतं ते बैलच, त्यालाबी एक दिवस विसावा पाहिजे. सोमवारी जीपमधून दुकानात जा, पाहुण्याकडं जा, पण मागं काय जुंपायचं न्हाई. पोळ्याला बॉनेटवर हळद, दोन्ही दिव्यांना झेंडूच्या माळा, आणि पुढच्या जाळीपुढं पुरणपोळी. हसू मलाबी आलं होतं. पण मी तोंडाला पदर लावून आत जाऊन हसले. तू फोटो काढलेस आणि पुण्यात वाटलेस.

आणि मग परसालची कार्तिकी यात्रा. कपिलधारला आपला मांडव होता, तू दोस्त घेऊन आलास. त्यांना धबधबा दाखवला, बीड दाखवलं, कुठं कुठं मिरवून आणलंस, सगळं आपल्या जीपमधून. यात्रा उलगली, गर्दी पांगली, सोमवार उजाडला. अण्णा म्हणले, आजच्या दिवस मुक्काम करू, उद्या जुंपू. तुला मंगळवारी कामावर हजर व्हायचं होतं. एस.टी. होती की रे! पण दोस्तांपुढं एस.टी.त कसं बसायचं? लोखंडाला कसला आलाय वार, असं म्हणत तू आपल्या हातानं जनरेटर जुंपलास. अण्णांनी मन्मथस्वामींच्या समाधीकडं तोंड करून हात जोडले आणि तुझ्या शेजारी जाऊन बसले.

कपिलधारच्या दरीतून वर येताना निम्म्या चढावर जीपनं ठोके द्यायला सुरुवात केली. दोन हिसके खाल्ले आणि बंद पडली. मी मागच्या भाड्याच्या टेम्पोत भांड्यांवर बसले होते, मला सगळं दिसत होतं. तू ब्रेकवर उभा राहून ओरडत होतास, आणि जनरेटरच्या ओझ्यानं जीप इंच इंच मागं येत होती. एवढे गडी होते, पण उडी मारली ती अण्णांनी. दगड उचलून चाकामागं लावायला गेले. जनरेटर तिरका झाला आणि त्याचं चाक त्यांच्या पायावरून गेलं. त्यांनी आरडाओरडा केला न्हाई. मीच केला.

बीडच्या दवाखान्यात त्यांच्या पायात सळई घातली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा तुझं नाव घेतलं. तू खाटेवर डोकं टेकून रडलास, आणि रडता रडता काय म्हणलास? म्हणलास, अण्णा, तुमचंच खरं होतं, सोमवार भोवला. आणि अण्णांनी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला! म्हणले, तुझा दोष न्हाई बाळा, मी मोठा होतो, मी तुला अडवायला पाहिजे होतं. पाय त्यांचा चिरडला आणि माफीबी त्यांनीच मागितली. तू ती घेतलीस. घेऊन दुसऱ्या दिवशी पुण्याला निघून गेलास.

विश्वेश्वर, त्या सोमवारी सकाळी माझा स्टोव्ह भकभक करून विझला होता. गड्यांचा भात अर्धा कच्चा. रॉकेलचा डबा हलवला तर रिकामा. रेशनच्या रांगेत उभी राहून आणलेलं रॉकेल, यात्रेपुरतं जपून ठेवलेलं. मला वाटलं कुणी भाविकानं उचललं, लक्ष ठेवलं न्हाई म्हणून बिचाऱ्या रुक्मिणीबाईला, त्या भांडी घासणाऱ्या बाईला, मी वाट्टेल ते बोलले. मग जीप घरी ओढून आणली. टाकीचं झाकण उघडलं आणि वास आला. अरे, जलम गेला माझा स्टोव्हपुढं, मला तो वास कळणार न्हाई? सीटखाली माझं नरसाळं सापडलं, तेबी त्याच वासाचं. दोस्तांना फिरवून तू टाकी कोरडी केलीस. अण्णांना कळू नये म्हणून पंपावर गेला न्हाईस, आणि जनरेटर मागं बांधून तो चढ माझ्या रॉकेलवर चढायला निघालास. आधीच ती ओझ्याला कच्ची, त्यात पोटात ते. सोमवार भोवला म्हणे!

मी तवाच बोंब मारली असती. पण अण्णांना तुझ्याविरुद्ध माझ्या तोंडून ऐकायचं न्हाई, हे मला लहानपणापासून ठाऊक हाय. भावाचं बरं बघवत न्हाई हिला, असंच म्हणले असते. आणि खरं सांगू, तू आपणहून सांगशील असं वाटत होतं. संक्रांत गेली, शिवरात गेली. तुझी पत्रं येत राहिली, त्यात हवापाणी, बढती, नवा टीव्ही.

इकडं अण्णांचं काय झालं ते तुला ठाऊक न्हाई, कारण तू विचारलं न्हाईस. पाय बरा झाला, कुबडीवर चालतात. पण आतून मोडले. शिवाचा वार मोडला, शिवानं पाय घेतला, असं स्वतःशीच बोलतात. सकाळी पूजेला गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतात आणि नजर दुसरीकडं वळवतात. सोमवारी तर देवळाच्या दिशेला तोंडबी करत न्हाईत. म्हणले, मी कोणत्या तोंडानं जाऊ. सत्तरीचा माणूस, जलमभर एक बैल सोमवारी जुंपला न्हाई, तो तुझ्या रॉकेलपायी स्वतःला पापी म्हणवून घेतोय. माझ्या डोळ्यांपुढं. रोज. मला भूक लागंना, विश्वेश्वर.

उन्हाळ्यात तुझे दाजी आणि मी माजलगावला गेलो आणि एक पिकअप घेऊन आलो. जुना. सोड्याच्या बाटल्या वाहिलेला. डिझेलचा. हो, खडखडतो. सकाळी उठताना खोकतो, धूर सोडतो, झालर काळी करतो, मग मी ती धुते. पण पिंप एकच लागतं, आणि अजून एकदाबी त्याच्या कपाळावर फडका ठेवावा लागला न्हाई. अण्णांनी मात्र त्याच्याकडं नजर टाकली न्हाई. हळद लावायची का विचारलं तर म्हणले, माझा हात नको.

आणि काल श्रावणी सोमवार. सकाळीच कपिलधारहून निरोप आला. तिथली वीज गेलेली, त्यांचा जनरेटर जळालेला, विहिरीवरची मोटर बंद. एवढे भाविक आलेत आणि प्यायला पाणी न्हाई, अन्नछत्राच्या चुली थंड. अण्णा म्हणले, उद्या पाठवा. मी म्हणले, तहान उद्यावर ढकलता येती का? त्यांनी तोंड फिरवलं. मग मी म्हणले, अण्णा, आज मी जुंपते. बैलाचा नेम बैलाला राहू द्या, तो मीबी कधी मोडणार न्हाई. ह्या लोखंडाचा दोष लागणार असंल तर मला लागू द्या, मी पुढंच बसते. अण्णांनी मग कुबडी मागितली. म्हणले, तू बसणार असशील तर मीबी बसतो.

दाजी चालवत होते, अण्णा मधी, मी दाराकडं. पाणी सुरू झालं, पंगती उठल्या, वीज आली. परत निघालो तर तोच चढ. अण्णांनी माझं मनगट धरलं होतं, बांगड्या रुतल्या. जीप थांबली होती ती जागा आली आणि अण्णा म्हणले, इथं थांबव. दाजी माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणले, थांबवा. जनरेटर मागं, अर्धा चढ, आणि गाडी उभी. मी दाराच्या कडीला हात घातला. अण्णांनी डोळे मिटले. म्हणले, आता चल. पिकअप एकदा हादरला, काळा धूर सोडला, आणि निघाला. हळू, म्हातारा बैल निघावा तसा. पण मागं इंचभर सरकला न्हाई. पार वर सडकेला लागला.

वर आल्यावर अण्णा रडले. खाली उतरले, कुबडी टेकत पुढं गेले आणि त्याच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग वळून मला म्हणले, गंगासागर, आजबी सोमवारच हाय की. मग त्या दिवशी ती जीप का थांबली?

एवढ्यासाठी हे पत्र. मी उत्तर दिलं न्हाई. जीभ वळवळत होती, पण न्हाई दिलं. मी म्हणले, विश्वेश्वरला विचारा, त्याला गाडीतलं कळतं. ते म्हणले, बोलव त्याला. तर ये. तो पेट्रोल पिकअप तिकडंच राहू दे, एस.टी.नं ये, एकटा ये, दोस्त नकोत. आज सकाळपासून अण्णा ओसरीवर दाराकडं तोंड करून बसलेत. तू आलास की मी एक शब्द बोलणार न्हाई, पाणी देऊन आत जाईन. त्यांच्यासमोर माझा तो रॉकेलचा रिकामा डबा पालथा घालून ठेवलाय. त्याच्यावर बस आणि सांग.

तुझीच,
अक्का