आईच्या खोलीची पश्चिमेची भिंत

नपारीदादा,

आईला मी माझ्याकडे घेऊन जातेय. काल दुपारी वीज गेली, तुझा एसी बंद पडला आणि ती खोलीतच चक्कर येऊन पडली. आपल्या तमाले शहराचं मार्चचं ऊन आहे हे. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघ, संध्याकाळीही चटका बसतो. तिथले दोन्ही कडुनिंब तिने नवी नवरी असताना लावले होते. ती बाजारात गेलेली बघून तू ते तोडलेस, गाडी उभी करायला. वर मला म्हणालास, "झाडांचं काय घेऊन बसलीस? एसी आहे ना!"

निघताना तिने त्याच भिंतीपाशी कडुनिंबाचं रोप लावलं. मी चिडले, "दादासाठी कशाला?"

म्हणाली, "त्याच्यासाठी नाही गं. पुढे या खोलीत त्याची पोरं झोपतील."

तेवढं पाणी तरी घाल.

सुहुयिनी