साडेसहाची रायफल

१४ जून, शनिवार

आज सकाळी कॉफी प्यायच्या आधी रायफल बटाट्याच्या काट्यावर ठेवली. दुर्बीण, पट्टा, सगळ्यासकट पाच किलोला थोडी कमी. बायको, टुरिड, खिडकीतून बघत होती. म्हणाली, "बाळाचं वजन करतोयस का? कुणावर गेलंय?" लोखंडावर गेलंय म्हटलं.

जानेवारीत गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतो, चाल, पण ओझं घेऊन चढू नकोस. माझी शिकारीला बसायची जागा वरच्या टेकाडावर, दीड तासाची चढण. पंचवीस सप्टेंबरला मूसची, त्या घोड्याएवढ्या हरणांची, शिकार सुरू. म्हणजे हलकी रायफल हवी. एक बघून ठेवली आहे, अडीच किलोची, खेळण्यासारखी. प्रश्न उरला कॅलिबरचा. पोलिसांच्या अर्जात तेवढा एकच चौकोन रिकामा आहे.

१५ जून

योस्टाइन आला होता. टुरिडचा भाऊ आणि आमच्या शिकारी गटाचा प्रमुख. दोन वाफल खाऊन झाल्यावर विषय काढला.

"दाजी, हलकी घे, पण माप तेच ठेव. तीनशे मॅग्नम."

म्हटलं, हलक्या रायफलीला धक्का दुप्पट बसतो. माझी भारी आहे तरी खांदा निळा होतो.

"मग तीस-शून्य-सहा घे. त्याखाली जाऊ नकोस. साडेसहा तर नाहीच. नियम माहीत आहे ना?"

माहीत आहे. मार्चमध्ये गटानेच केला. सरकार साडेसहा मिलिमीटरच्या गोळीला मूससाठी परवानगी देतं, आमच्या आजोबांनी तिनेच मूस मारले, पण योस्टाइनला ती चालत नाही! हा राजा कधीपासून झाला?

२२ जून, रविवार

प्रार्थनाघरात मन लागलं नाही. एम्ब्रिककाका पुढच्या बाकावर होते. शहात्तर वर्षांचे, मान ताठ. नियम खरं म्हणजे त्यांच्यासाठीच झाला. गटात साडेसहा फक्त त्यांचीच होती.

गेल्या ऑक्टोबरची गोष्ट. दलदलीच्या कडेला मी वर, ते खाली. मूसची मादी बाहेर आली. दोन बार झाले. मादी पळाली. कुत्रं लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली, तेव्हा जिवंत होती. पोटात एकच भोक, आरपार, गोळी मिळाली नाही. मांस फेकावं लागलं. कुणाची गोळी, ते कळायला मार्ग नव्हता. योस्टाइन म्हणाला, "काकांची वाटाण्याची बंदूक. मॅग्नमने मादी जागीच बसली असती." सगळ्यांना पटलं. मार्चच्या बैठकीत हात वर झाले. माझाही.

काका तेव्हा एवढंच म्हणाले, "ठीक आहे."

३ जुलै

गवत कापलं. कॅलिबरचा विचार डोक्यातून जात नाही. साडेसहाचा धक्का कमी, मार सरळ, गोळी लांब आणि वजनदार, आत खोल जाते. शंभर मीटरवर मूसला त्याहून जास्त काय लागतं? मोठ्या काडतुसाने फक्त आवाज मोठा होतो.

योस्टाइनला फोनवर हेच सांगितलं. म्हणाला, "तू आता म्हाताऱ्यासारखा बोलायला लागलास."

लागलो तर लागलो. चौकोनात साडेसहाच लिहिणार. गटातून काढायचं तर काढा. बावीस वर्षं झाली मला, कुणाच्या मेहरबानीवर आलो नाही.

(अजून लिहिलेलं नाही. शाई ओली नाही अन् फुशारकी मात्र केवढी.)

१९ जुलै, शनिवार

चांदमारीच्या मैदानावर गेलो. वर्षाची नेमबाजीची परीक्षा द्यायची आहे, त्याआधी सराव. ओस्लाउग होती. पूर्वी शाळेत गणित शिकवायची, आता मैदान सांभाळते. तेवढीच कडक.

पाच बार काढले. दोन वर्तुळाबाहेर. म्हणाली, "काडतूस मी भरते. तू वळून बघायचं नाही. फक्त नेम धर आणि चाप दाब."

पहिला बार नीट. दुसऱ्याला चाप दाबला, नुसतं टक्! तिने वापरलेलं रिकामं काडतूस घातलं होतं. पण बार झालाच नव्हता तरी नळी वीतभर खाली गेली. खाली आणि डावीकडे. मी डोळेही मिटले होते.

"परत," ती म्हणाली.

दहापैकी चार रिकामी होती. चारही वेळा तेच. नळी खाली, डावीकडे.

"धक्क्याला घाबरतोस तू," ती म्हणाली. "लाज वाटायचं कारण नाही. मोठी बंदूक घेणारे निम्मे घाबरतात. कबूल कुणी करत नाही. किती वर्षं झाली ही रायफल घेऊन?"

"आठ."

"मग आठ वर्षं."

घरी येताना गाडी दोनदा थांबवली.

२० जुलै

त्या मादीचं तोंड उजवीकडे होतं. मी खांद्यावर नेम धरला होता. खाली आणि डावीकडे म्हणजे पोट.

२१ जुलै

आणखी एक आहे. ते लिहिल्याशिवाय ही वही पुढे जाणार नाही.

बार एकदम झाले नव्हते. माझा आधी झाला. तिची पाठ कमानीसारखी वर आली, मग ती पळाली, आणि तेव्हा काकांचा बार झाला, पळत्या जनावरावर. तो तिला लागलाच नसणार. त्या दिवशी योस्टाइनने विचारलं, "पहिला कुणाचा?" मी म्हणालो, "एकदमच झाले." काका माझ्याकडे बघत होते.

तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं का? आठ-नऊ महिने स्वतःला हेच विचारतो आहे. नाही. वाटलं नव्हतं. पाठ वर आलेली मी पाहिली होती.

देवा, मी साडेसहासाठी महिनाभर भांडतो आहे, आणि तिच्यावरचा आळ मीच घातलेला आहे.

२ ऑगस्ट

चौकोन भरला. ६.५. अर्ज टपालात टाकला.

९ ऑगस्ट

टुरिडला सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवली नाही.

"मादी मेली. वर्ष होत आलं. आता सांगून कुणाचं भलं?"

"काकांचं."

"शहात्तरीला त्यांना शिकार सुटली तर आभाळ कोसळत नाही. तू सांगितलंस तर योस्टाइन तुला ठेवणार नाही. आणि मला माझ्या भावाकडे नाताळला जायचं असतं, ते विसरू नकोस."

"तू जा की. मी घरी थांबेन."

"लुटेफिस्क, तो नाताळचा बुळबुळीत मासा, एकट्याने खाशील?"

"तेवढी शिक्षा पुरे होईल," म्हटलं. तिला हसू आलं, पण तिने दाखवलं नाही. नंतर म्हणाली, "तुझं तोंड बघूनच कळतं, तू ठरवलंयस. मग मला विचारतोस कशाला?"

विचारलं नव्हतं. सांगितलं होतं.

३० ऑगस्ट

गेल्या आठवड्यात परवाना आला. रायफल आणली. अडीच किलो, हातात घेतली तर काठीसारखी. मैदानावर ओस्लाउगने परत तोच खेळ केला. पहिल्या दिवशी नळी हलली. तिसऱ्या दिवशी थोडी. डोळे उघडे ठेवायला शिकतो आहे, एकोणपन्नासाव्या वर्षी.

योस्टाइनला कळलं. निरोप आला: "चोवीस सप्टेंबरच्या बैठकीत बोलू. मॅग्नम घेऊन आलास तर बोलायची गरज नाही."

मॅग्नम घेऊन जाणार नाही. आणि बोलणार मीच.

६ सप्टेंबर

परीक्षा पास झालो. पाचही गोळ्या आत. आनंद झाला, मग वाटलं, कसला आनंद?

१४ सप्टेंबर, रविवार

प्रार्थनेनंतर एम्ब्रिककाकांच्या घरी गेलो. ते कुऱ्हाडीला धार लावत होते. बसा म्हणाले नाहीत. उभ्यानेच सांगितलं. पहिला बार माझा होता. मादीला माझी गोळी लागली. मी खोटं बोललो. मार्चमध्ये हात वर केला.

त्यांनी धार लावणं थांबवलं नाही. दगडाचा आवाज तेवढा येत राहिला.

"हे मला कशाला सांगतोस?"

"माफी मागायला, काका."

"मी तिथेच होतो ना. मला माहीत आहे." पात्यावरून अंगठा फिरवला. "ज्यांना माहीत नाही, त्यांना सांग."

विचारलं, मग तुम्ही तेव्हा का नाही बोललात?

"बोललो असतो तर म्हातारा सबब सांगतोय म्हणाले असते. तुझं त्यांनी ऐकलं असतं."

मग आत गेले. दार ओढून घेतलं. आपटलं नाही, नुसतं ओढलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

२१ सप्टेंबर

योस्टाइन स्वतः आला. टुरिडने त्याला सांगितलं असावं. आत आला नाही, अंगणातच उभा राहिला.

"बैठकीत असलं काही काढू नकोस. साडेसहा आणायची तर आण. तुझ्यापुरता अपवाद करतो. झालं समाधान?"

दोन महिन्यांपूर्वी मला एवढंच हवं होतं.

"माझ्यापुरता नको," म्हटलं.

"गटाचं हसं होईल. मी एका म्हाताऱ्याला उगाच बाहेर काढलं असं होईल."

"तसंच झालं आहे."

त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली. मला वाटलं, ओरडेल. गाडीत बसताना म्हणाला, "तुझ्यापेक्षा तुझा गुडघा बरा होता. निदान तो वाकायचा तरी."

२४ सप्टेंबर, बुधवार

सांगितलं. अकरा माणसांसमोर, उभं राहून, पहिल्या बारापासून. नियम रद्द झाला. उद्याच्या यादीतलं माझं नाव मी स्वतः खोडलं आणि त्या ओळीत एम्ब्रिककाकांचं लिहिलं. नवी रायफल कपाटात आहे. कुलूप लावून किल्ली टुरिडकडे दिली.