प्रणालीचं कार्ड

प्रिय दादा,

हैदराबादहून दीप्तीचा जयभीम. मी मजेत आहे, मेसचा भातही आता आवडून राहिला. आईचे गुडघे कसे आहेत? फोनवर ती तुझ्या बाजूलेच बसते, म्हणून हे पत्र.

आई सांगत होती, तुम्ही पोरगी पाहायले गेले तवा रामटेकच्या प्रणालीनं पोह्यांच्या प्लेटजवळ आपलं सिकलसेलचं कार्ड ठेवलं. वाहक आहे म्हणाली. आईले पोरगी सरळ वाटली. खोटं कशाले बोलू, ते ऐकलं नि मी हे पत्र लिहायले बसली.

माझ्या पीएचडीच्या विषयाले जैवराजकारण म्हणतात. सर म्हणतात, असं कार्ड म्हणजे सरकारनं माणसाच्या रक्तावर ठेवलेली नजर. मॅडम म्हणतात, तेच कार्ड दाखवून लोक औषध हक्कानं मागतात, तेही जैवराजकारणच. दोघांचं हे भांडण मी तीन वर्षं लिहून राहिली.

पण बुटीबोरीले तुझ्या कंपनीत तपासणीचं शिबिर लागलं, तवा मी फक्त सरांचं वाचलं होतं. आपलं रक्त कंपनीच्या रजिस्टरात काहून लिहू द्यायचं, असं मीच म्हटलं नि तू रांगेतून परत आला. पुढं मी इथं तपासलं. मी वाहक आहे, दादा. घरी कोणालेच सांगितलं नाही.

तूही असला, तर तुझ्या नि प्रणालीच्या लेकराले आजार पुरा होऊ शकतो. आपण पत्रिका पाहत नाही, याचा मले अभिमान आहे. पण लग्नाची तारीख काढायच्या आधी रक्त तपासून घे गा. नाव लिहिलं गेलं तर जाऊ दे.

आईसमोर वाचत असशील, तर आता थोडा हास.

तुझीच,
दीप्ती