भाऊबीजेच्या ताटातली अळंबी

कोथरूड, पुणे
२८ सप्टेंबर २००३

ती. वन्सं यांस,
पद्मजाचा सा. न. वि. वि.

फोन न करता लिहिते आहे, कारण फोन तुमच्या बंधूंच्या खुर्चीशेजारी आहे आणि तक्रार त्यांचीच आहे.

जुलैतल्या छातीच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी तूप आणि तळण बंद केलं. तेव्हापासून स्वारी ताटावरून अर्धपोटी उठते. गवत खायला मी म्हैस नाही, हे रोजचं. आता जिना चढताना मध्येच थांबतात. मला भीती वाटते, वन्सं.

परवा आपली अवनी हिंजवडीच्या ऑफिसातून येताना मश्रूम घेऊन आली. सूनबाईंना कंप्युटरइतकंच सॅलडही कळतं. मी ते पालेभाजीसारखे पाण्यात बुडवून ठेवले, तर ती हसायलाच लागली. म्हणे, आई, नुसते ओल्या फडक्याने पुसायचे. मग पातळ चकत्या करून कोरड्या तव्यावर पाणी आटेपर्यंत परतायच्या आणि गार झाल्यावर काकडी, टोमॅटो, लिंबू, मिरपूड घालायची. पहिल्याच घासाला मला बोर्डिंगमधला रविवार आठवला. सिस्टर पावावर असेच मश्रूम घालून द्यायच्या.

ह्यांनी मात्र वाटी सरकवली. म्हणाले, कुत्र्याच्या छत्र्या आमच्या घरात आल्या नाहीत, ताईला विचार. म्हणून विचारते.

माया आहेच, ती तशीच राहू द्या.
तुमची पद्मजा


अकोला
६ ऑक्टोबर २००३

चि. सौ. पद्मजास,
सत्यशीलेचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. बाळला आई गेल्यापासून मी भरवलंय, त्यामुळे त्याची नाटकं मला नवी नाहीत. दुधीसुद्धा तो असाच सरकवायचा.

आपल्याकडे अळंबी कधी आली नाही हे खरं. मी ती तोंडात घालणार नाही, शिवाय चातुर्मास आहे. पण मला भाऊ हवा आहे. भाऊबीजेला मी येते. ओवाळून बहिणीने वाढलेलं भाऊ टाकत नाही, एवढं तरी तो पाळेल. करायचं तू, वाढीन मी. कांदा घालू नकोस. आणि कोणी केलं, ते त्याला सांगू नकोस.

एसटी स्टँडवर मला घ्यायला तुझ्या लेकाला, आमोदला पाठव. रिक्षावाल्यांशी भांडायचं आता वय राहिलं नाही.

सर्वांना आशीर्वाद. तूही वेळेवर जेवत जा.
सत्यशीला


कोथरूड, पुणे
१० नोव्हेंबर २००३

ती. वन्सं यांस,
पद्मजाचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं कळलं. भाऊबीजेला तुम्ही वाटी ताटात ठेवलीत, तेव्हा ह्यांचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा झाला होता. पण खाल्लं, आणि वाटी पुसूनही घेतली! माझ्या मनात मात्र धाकधूक होती, की भाऊबीज वर्षातून एकदाच, उद्याचं काय?

तुमची बस सुटली त्याच संध्याकाळी मी पुन्हा केलं. तेच मश्रूम, तेच लिंबू, तोच हात. एक घास घेतला आणि म्हणाले, ताईच्या हाताची चव नाही. अवनी पदर नसताना पदर तोंडाला लावल्यासारखी आत पळाली. मीही मान खाली घालून, वन्संकडून शिकून घेईन म्हटलं.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. माझं अजून जमलेलं नाही याची दोन-दोन वाट्या खाऊन खात्री करून घेतात. काल जिना एका दमात चढले, आणि वर पोचून मलाच म्हणाले, किती हळू येतेस.

तुमच्या हाताची चव मला कधीही न जमो, एवढाच आशीर्वाद द्या.
तुमची पद्मजा