हमीदचाचांच्या डोक्यातलं

७ जुलै, जळगाव
तीन अर्ज पडून. आमची पतपेढी बिनव्याजी, कर्ज द्यायचं ते माणूस बघून. आणि माणूस बघणारे हमीदचाचा महिनाभर अंथरुणावर. तीस वर्षं वसुलीला घरोघर फिरले. कोण खरंच अडलाय, कोण बहाणे करतोय, सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर ओळ नाही. कुणाची अडचण लिहायची नाही, ही इथली रीत. मॅनेजर म्हणून नव्या लोकांना मीच कौतुकाने सांगायचे. मूर्ख!

९ जुलै
शिंदखेड्याच्या वेल्डरचा अर्ज मंजूर केला. दोन जामीन, कागद चोख. चेक गेल्यावर धुळे शाखेचा फोन, "मॅडम, याला चाचांनी दोनदा परत पाठवलं होतं." का? कुणालाच माहीत नाही.

१० जुलै
वेल्डर फोन उचलत नाही. चेअरमन साहेब भडकले. "चाचांकडून सगळं वदवून घ्या, वहीत उतरवा. महिनाअखेर वही माझ्या टेबलावर." बरोबरच आहे म्हणा. असे आणखी चार चेक गेले तर शटर खाली.

१२ जुलै
चाचांकडे. विसरायला लागलेत. जेवलो का, हेही चाचीला विचारतात. वही उघडली तर माझा हात धरला. "लिखू नको, बेटी. लोकेस्नी इज्जत शे ती." लोकांची अब्रू म्हणे. वही मिटली, चहा पिऊन परत.

१८ जुलै
आज मला ओळखलंच नाही. वसुलीला लागलेली नवी बाई समजले आणि एकेक घर सांगायला लागले. "ध्यानमा ठेव. लिखू नको." मी वही ओढणीआड धरून लिहीत होते. लाज वाटत होती, तरी खूश होते. बावीस घरं झाली. मग...

"युसूफ सायकलवाला. पोरीनी फीकरता कर्ज लिधं, सट्टामा उडाई टाकं. सहा हप्ता मी मना पगारमाईन भरात. पोरीले समजाले नको."

अब्बा. माझी फी सट्ट्यात गेली, आणि हप्ते चाचांच्या पगारातून.

हात थांबला नाही, तेही लिहून झालं. घरी येऊन रडले.

३० जुलै
उद्या वही द्यायची. अब्बांचं पान फाडलं तर बाकी बावीस घरांची कोणत्या तोंडाने देऊ? नाही दिली तर पुढचा अर्ज कशाच्या आधारावर बघू? चाचा आता फारसं बोलतही नाहीत.
चेअरमन साहेबांचा मेसेज, "किती घरं झाली?"
"बावीस" टाइप केलं. खोडलं.